८४ क्रेडिट्स झाली, मग पदवीला उरली किती?

अमेरिकेत अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतो. "माझी ८४ क्रेडिट्स आधीच झाली आहेत. पदवीला १२० लागतात. म्हणजे ३६ उरली ना?" वजाबाकी बरोबर आहे, उत्तर मात्र बहुधा चुकीचं असतं. खरा आकडा ३९ निघू शकतो, ५० निघू शकतो, आणि विषय गणित किंवा रसायनशास्त्र असेल तर त्याहूनही मोठा. हा फरक कुठून येतो ते पैसे भरण्याआधी कळलं, तर ऑनलाइन पदवी खरोखर स्वस्तात होते. नंतर कळलं तर तेच विषय दुसऱ्यांदा विकत घ्यावे लागतात.

मी स्वतः गणिताची पदवी अशीच तुकड्यातुकड्यांतून, नोकरी सांभाळत, ऑनलाइन पूर्ण केली. त्यात दोन कोर्स चुकीचे घेतले. त्यांची गोष्ट पुढे येईल, कारण ती चूक अनेकांच्या हातून होते.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते पाहू. ढोबळ हिशोब असा, की सुमारे १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास स्वतःचा अभ्यास केला की एक क्रेडिट मिळतं. म्हणजे तीन क्रेडिट्सचा कोर्स आठवड्याचे नऊ तास मागतो. ऑनलाइन कोर्समध्ये वर्गात बसावं लागत नाही, पण कामाचं माप तेच राहतं. आठ आठवड्यांत उरकणारा कोर्स घेतलात तर आठवड्याचे तास जवळपास दुप्पट होतात. नोकरी करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

काही विद्यापीठं सेमिस्टरऐवजी क्वार्टर नावाच्या छोट्या सत्रांत मोजतात. तिथे पदवी १८० क्रेडिट्सची असते आणि तीन क्वार्टर क्रेडिट्स म्हणजे दोन सेमिस्टर क्रेडिट्स. त्यामुळे पाच क्वार्टर क्रेडिट्सचा कॅल्क्युलस सेमिस्टरवाल्या विद्यापीठात ३.३३ होऊन पोहोचतो. तिथला कॅल्क्युलस चार क्रेडिट्सचा असेल तर विषय झाला असं मानतात, पण एकूण बेरजेत थोडी तूट राहते. असे चार-पाच कोर्स असले की तुटीचा मिळून एखादा अख्खा कोर्स होतो.

स्वीकारलेलं क्रेडिट आणि लागू झालेलं क्रेडिट

पदवी म्हणजे १२० क्रेडिट्सचा ढीग नव्हे. तिच्यात कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याचं माप ठरलेलं असतं. एक कप्पा जनरल एज्युकेशनचा, म्हणजे इंग्रजी लेखन, इतिहास, समाजशास्त्र, कला वगैरे. एक कप्पा मुख्य विषयाचा, त्याला मेजर म्हणतात. एक मेजरला पूरक विषयांचा: गणितवाल्याला थोडं भौतिकशास्त्र किंवा प्रोग्रॅमिंग, रसायनवाल्याला कॅल्क्युलस. उरलेली जागा इलेक्टिव्हची, तिथे काहीही चालतं. या सगळ्यांवर आणखी एक अट असते. ठरावीक क्रेडिट्स वरच्या पातळीची, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाची असायला हवीत. त्यांना अपर डिव्हिजन म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे कोर्स क्रमांक ३०० किंवा ४०० पासून सुरू होतात.

विद्यापीठ तुमचं क्रेडिट स्वीकारतं, म्हणजे ते तुमच्या नोंदीत चढतं, इतकंच. ते कोणत्या कप्प्यात बसलं, म्हणजेच कुठे लागू झालं, हा वेगळा निर्णय असतो आणि तो अनेकदा वेगळा माणूस घेतो. पहिला निर्णय रजिस्ट्रारचं कार्यालय घेतं, दुसरा गणित किंवा रसायन विभाग.

एक काल्पनिक पण अगदी नेहमीच्या घडणीची गणिताची पदवी घेऊ. जनरल एज्युकेशन ४०, मेजरचा खालचा भाग १५, मेजरचा वरचा भाग ३०, पूरक विषय १०, इलेक्टिव्ह २५. बेरीज १२०. विद्यार्थ्याकडे ८४ क्रेडिट्स आहेत: जनरल एज्युकेशनची ३६, कॅल्क्युलसच्या तीन कोर्सची १२, भौतिकशास्त्राची ८, आणि पूर्वी बिझनेस शिकताना केलेली २८. विद्यापीठाने सगळी ८४ स्वीकारली. बिझनेसची २८ फक्त इलेक्टिव्हमध्ये जाऊ शकतात आणि तिथे जागा २५ चीच, म्हणून तीन बाहेर राहिली. लागू झाली ८१. उरली ३९, आणि त्यातली ३० अपर डिव्हिजन गणिताची, म्हणजे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत महाग.

याच विद्यार्थ्याने बिझनेसचे आणखी चार कोर्स केले असते तर त्याच्याकडे ९६ क्रेडिट्स दिसली असती. उरलेला आकडा तरीही ३९ च राहिला असता. म्हणून "किती क्रेडिट्स घेता?" असं विचारणाऱ्यापेक्षा "माझी कोणती क्रेडिट्स कुठे बसतील?" असं विचारणारा माणूस खूप वाचवतो.

नुकसान किती मोठं असतं याचा अंदाज सरकारी आकड्यावरून येतो. अमेरिकी काँग्रेससाठी तपासण्या करणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ साली एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स बदलाबदलीत गेली, असा त्यांचा अंदाज होता. जवळजवळ निम्मी! त्यामागे विद्यार्थ्यांची रात्ररात्र जागून केलेली मेहनत होती, अनेकांच्या डोक्यावर त्याच कोर्ससाठी काढलेलं कर्ज होतं.

स्वस्त क्रेडिट्स कुठे मिळतात

सगळ्यांत भरवशाचा मार्ग म्हणजे कम्युनिटी कॉलेज. कॉलेज बोर्डाच्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची सरासरी वार्षिक फी ४,०५० डॉलर होती आणि चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठाची, त्याच राज्यातल्या विद्यार्थ्यासाठी, ११,६१०. पहिली ६० क्रेडिट्स कम्युनिटी कॉलेजात केली तर दोन वर्षांचे ८,१०० डॉलर लागतात, विद्यापीठात २३,२२०. फरक १५ हजारांवर जातो. शिवाय कॅल्क्युलस एक, दोन, तीन, लिनियर अल्जेब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स हे पाचही विषय पुष्कळ कम्युनिटी कॉलेजांत मिळतात, आणि आता अनेक ठिकाणी ऑनलाइनही. फ्लोरिडासारख्या राज्यात सरकारी कॉलेजांना समान कोर्स क्रमांक आहेत. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाच्या संकेतस्थळावर कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या सरकारी विद्यापीठात कशाच्या बदल्यात चालतो ते कुणालाही पाहता येतं. अनेक राज्यांतली कॉलेजं ट्रान्सफरॉलॉजी या सेवेत आपली समकक्षता दाखवतात.

दुसरा मार्ग परीक्षेचा. कॉलेज बोर्डाची क्लेप परीक्षा साधारण दीड तासाची असते, गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात आणि ५० गुणांना क्रेडिट देण्याची शिफारस आहे. फी सुमारे शंभर डॉलर, केंद्राचं शुल्क वेगळं. मॉडर्न स्टेट्स ही ना-नफा संस्था या परीक्षांसाठी मोफत कोर्स चालवते आणि कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही देते. नापास झालात तर तीच परीक्षा पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं.

तिसरा मार्ग सोफिया, स्टडी डॉट कॉम, स्ट्रेटरलाइन यांसारख्या कंपन्यांच्या स्वतःच्या गतीने करायच्या कोर्सचा. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. या कंपन्या विद्यापीठं नाहीत. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था त्यांचे कोर्स तपासते आणि "याला तीन क्रेडिट्स द्यायला हरकत नाही" अशी शिफारस करते. शिफारस मानायची की नाही हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. एका ठिकाणी डोळे झाकून घेतात, दुसरीकडे एकही घेत नाहीत. महिन्याचं वर्गणीशुल्क भरून धडाधड दहा कोर्स करण्याआधी, जिथे पदवी घ्यायची आहे त्या विद्यापीठाची स्वीकृत यादी डोळ्यांखालून घालणं हाच शहाणपणा.

माझं ठाम मत इथेच सांगतो. मानसशास्त्र, समाजशास्त्र, अमेरिकेचा इतिहास असे जनरल एज्युकेशनचे विषय परीक्षेने किंवा अशा कोर्सने खुशाल उरका. गणितात पदवी घ्यायची असेल तर कॅल्क्युलस मात्र शिक्षकाबरोबर, गृहपाठ तपासून मिळणाऱ्या कोर्समध्येच करा. क्लेपची कॅल्क्युलस परीक्षा साधारण एका सत्राचा भाग तपासते: लिमिट, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल. अनंत श्रेणी तिच्यात नाहीत. आणि पुढे रिअल अ‍ॅनालिसिस या वरच्या पातळीच्या कोर्समध्ये सगळा खेळ लिमिट आणि श्रेणी यांच्या काटेकोर व्याख्यांवर उभा राहतो. चार क्रेडिट्स शंभर डॉलरमध्ये मिळाली याचा आनंद वर्षभर टिकतो. मग अ‍ॅनालिसिसच्या पहिल्याच गृहपाठात कळतं की पाया भरलाच नाही. तो कोर्स पुन्हा घ्यायचा तर हजार-दीड हजार डॉलर सहज जातात.

गणिताची शिडी

इतिहासाचे पाच कोर्स एकाच सत्रात घेता येतात. गणिताचे येत नाहीत. कॅल्क्युलस दोनला कॅल्क्युलस एक लागतं. सिद्धता लिहायला शिकवणाऱ्या कोर्सला बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस दोन लागतं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा आणि रिअल अ‍ॅनालिसिसला तो सिद्धतांचा कोर्स लागतो, अ‍ॅनालिसिस दोनला अ‍ॅनालिसिस एक. म्हणजे शून्यापासून सुरू करणाऱ्याला किमान पाच सत्रं लागतातच, मग हातात शंभर क्रेडिट्स का असेनात. त्यात छोट्या विभागांत वरचे कोर्स दर सत्राला नसतात, वर्षातून एकदाच असतात, काही तर वर्षाआड. म्हणून गणितात किती वेळ लागेल हे उरलेल्या क्रेडिट्सवरून ठरवू नका, उरलेल्या शिडीच्या पायऱ्या मोजून ठरवा.

वरचं गणित पूर्णपणे ऑनलाइन शिकवणाऱ्या मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी फार मोठी नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या स्प्रिंगफील्ड शाखेची मॅथेमॅटिकल सायन्सेसची ऑनलाइन पदवी आहे. इंडियाना विद्यापीठाच्या ईस्ट शाखेची आहे. सदर्न न्यू हॅम्पशायर विद्यापीठ ऑनलाइन गणिताची पदवी देतं आणि ९० पर्यंत ट्रान्सफर क्रेडिट्स, म्हणजे दुसरीकडून आणलेली क्रेडिट्स, घेतं. ज्यांना शाळेत गणित किंवा विज्ञान शिकवायचं आहे त्यांच्यासाठी वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठ आहे. १९९७ साली १९ राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून ते उभं केलं. तिथे क्रेडिटमागे पैसे घेत नाहीत. सहा महिन्यांची ठरावीक फी भरायची आणि त्या काळात जितके कोर्स पूर्ण होतील तितके करायचे. ज्याला विषय आधीपासून येतो आणि रोज बसायला वेळ आहे त्याला हे फार स्वस्त पडतं. ज्याला आठवड्याचे चारच तास मिळतात त्याला मुळीच नाही.

पदवी एका ठिकाणी आणि हवा तो एखादा वरचा कोर्स तिथे त्या सत्रात नाही, अशी अडचण आली तर सुटे कोर्सही मिळतात. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन शाखेचा नेटमॅथ हा उपक्रम कॅल्क्युलसपासून वरच्या पातळीपर्यंतचे कोर्स ऑनलाइन देतो. नॉर्थ डकोटा विद्यापीठाचेही स्वतःच्या गतीने करायचे गणिताचे कोर्स आहेत. मात्र असा कोर्स घेण्याआधी आपल्या विद्यापीठाची लेखी परवानगी हवी, आणि पुढे सांगणार आहे त्या रेसिडेन्सीच्या अटीतही तो बसायला हवा.

विज्ञान: प्रयोगशाळेचं काय?

आता माझ्या त्या दोन चुकीच्या कोर्सबद्दल. भौतिकशास्त्राचे दोन कोर्स, प्रत्येकी चार क्रेडिट्स, मी कम्युनिटी कॉलेजात चांगल्या गुणांनी केले. कोर्सच्या नावात जनरल फिजिक्स होतं, प्रयोगही होते. विद्यापीठाने आठही क्रेडिट्स स्वीकारली आणि इलेक्टिव्हमध्ये टाकली. कारण ते अल्जेब्रावर आधारित भौतिकशास्त्र होतं आणि माझ्या पदवीला कॅल्क्युलसवर आधारित भौतिकशास्त्र हवं होतं. नाव एकच, पुस्तक वेगळं. मला दोन्ही कोर्स पुन्हा घ्यावे लागले. चूक माझीच होती. कोर्सच्या वर्णनातली पूर्वअटीची ओळ मी वाचली असती तर तिथेच कळलं असतं. पूर्वअट कॅल्क्युलस असेल तर एक जातीचा कोर्स, ट्रिगनॉमेट्री असेल तर दुसऱ्या.

जीवशास्त्रात आणि रसायनात हीच जोडी वेगळ्या नावाने भेटते. विज्ञान न घेणाऱ्यांसाठीचं जीवशास्त्र वेगळं, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचं वेगळं. पहिलं जनरल एज्युकेशनमध्ये बसतं, मेजरमध्ये नाही. क्लेपच्या जीवशास्त्र आणि रसायन परीक्षांना सहा-सहा क्रेडिट्सची शिफारस आहे खरी, पण त्यांत प्रयोगशाळा नाही, त्यामुळे विज्ञान विभाग त्या मेजरसाठी बहुधा धरत नाहीत.

ऑनलाइन कोर्समधले प्रयोग तीन तऱ्हांनी होतात. कुठे संगणकावरची सिम्युलेशन, कुठे घरी पाठवलेलं साहित्याचं किट, आणि कुठे थोडे दिवस प्रत्यक्ष कॅम्पसवर. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाची बायोकेमिस्ट्रीची ऑनलाइन पदवी तिसऱ्या तऱ्हेची आहे. व्याख्यानं घरून, पण काही प्रयोगशाळांसाठी विद्यार्थ्यांना कॅम्पसवर जावंच लागतं. मला ही पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे प्रयोग ओट्यावर करायचे नसतात. खर्च मोजताना मात्र विमानाचं तिकीट, राहणं आणि रजा यांचा हिशोब फीमध्येच धरा.

पुढे वैद्यकीय, दंतवैद्यक किंवा फार्मसीला जायचा विचार असेल तर आणखी सावध राहा. अशा अनेक अभ्यासक्रमांना पूर्वअटीच्या विषयांत ऑनलाइन प्रयोग किंवा परीक्षेने मिळवलेली क्रेडिट्स चालत नाहीत. पदवी देणाऱ्या विद्यापीठाने ती घेतली, म्हणून पुढचंही घेईल असं नाही.

मर्यादा आणि मान्यता

कोणतंही विद्यापीठ १२० पैकी १२० बाहेरची घेत नाही. काही क्रेडिट्स त्याच्याकडेच करावी लागतात. या अटीला रेसिडेन्सी म्हणतात. तिचा तिथे राहण्याशी संबंध नाही, ऑनलाइन कोर्सही चालतात. साधारण प्रमाण पाव पदवीचं, म्हणजे ३० क्रेडिट्सचं. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेचा तर २५ टक्क्यांचा नियमच आहे. याखेरीज दोन अटी बारीक अक्षरात असतात. कम्युनिटी कॉलेजची क्रेडिट्स ६० ते ७० च्या आसपास अडवली जातात, आणि मेजरमधली काही वरची क्रेडिट्स इथेच करा असं विभाग वेगळं सांगतो. ९० क्रेडिट्स घेतो अशी जाहिरात खरी असते. पण तुमची सगळी क्रेडिट्स कम्युनिटी कॉलेजची असतील तर ९० पर्यंत तुम्ही बहुधा पोहोचूच शकत नाही.

प्रौढ विद्यार्थ्यांची विखुरलेली क्रेडिट्स एकत्र करून पदवी देण्यासाठीच सुरू झालेल्या तीन जुन्या संस्था आहेत: न्यूयॉर्कची एक्सेल्सियर, न्यू जर्सीची थॉमस एडिसन स्टेट आणि कनेक्टिकटची चार्टर ओक. तिन्ही १९७१ ते १९७३ या काळातल्या. ट्रान्सफरच्या बाबतीत त्या सगळ्यांत उदार समजल्या जातात. तरी वरच्या पातळीची अट तिथेही सुटत नाही, आणि गणित किंवा विज्ञानाचा कोणता पर्याय सध्या चालू आहे ते त्यांच्या चालू कॅटलॉगमध्येच, म्हणजे कोर्स आणि अटींच्या वार्षिक पुस्तिकेतच, पाहायला हवं.

मान्यतेबद्दल थोडक्यात. पूर्वी रिजनल, म्हणजे ठरावीक भागातल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थांची, आणि नॅशनल, म्हणजे देशभर काम करणाऱ्या संस्थांची, अशा दोन जाती होत्या. २०२० साली शिक्षण खात्याने आपल्या नियमांतून हा भेद काढला, पण क्रेडिट घेणारी विद्यापीठं अजूनही पुष्कळदा जुन्या रिजनल संस्थांची मान्यता पाहतात. शिक्षण खात्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत कॉलेजचं नाव आणि मान्यता देणारी संस्था दोन्ही दिसतात. एक रुपया, म्हणजे इथे एक डॉलर, भरण्याआधी ते पाहायला पाच मिनिटं लागतात.

पैसे कुठून येऊ शकतात

केंद्र सरकारच्या मदतीसाठी फाफ्सा हा अर्ज भरावा लागतो. त्यातलं पेल अनुदान परत फेडायचं नसतं, आणि २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा वर्षाला ७,३९५ डॉलर आहे. ज्यांच्याकडे आधीच बॅचलर पदवी आहे त्यांना ते मिळत नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना ही दारं उघडी असतात, एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असलेल्यांना नाहीत. क्लेपची फी किंवा सोफियाची वर्गणी या मदतीतून भरता येत नाही. त्यामुळे कधीकधी उलटं गणित होतं. ज्याला पूर्ण पेल मिळतं त्याला कम्युनिटी कॉलेज फुकट पडतं आणि "स्वस्त" परीक्षा खिशातून भरावी लागते.

नोकरी असेल तर मनुष्यबळ विभागाला एकदा विचाराच. मालकाने शिक्षणासाठी दिलेल्या पैशांपैकी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर कर्मचाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही. कोर्स दोन कॅलेंडर वर्षांत विभागून घेतले तर ही सवलत दोनदा वापरता येते.

भारतात शिकलेल्यांसाठी

आपल्याकडचे अनेकजण बीएस्सी, किंवा तिची दोन वर्षं, घेऊन अमेरिकेत येतात. ती क्रेडिट्स वापरता येतात. त्यासाठी डब्ल्यूईएस किंवा ईसीई यांसारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं. साधं मूल्यांकन फक्त पदवीची समकक्षता सांगतं, क्रेडिट्स मिळवायला विषयवारच लागतं, आणि ते थोडं महाग असतं. कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो ते आधी विद्यापीठाला विचारा. तीन वर्षांची बीएस्सी अनेक ठिकाणी चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत. ऐकायला वाईट वाटतं, पण पदवी पूर्ण करायची असेल तर ती तीन वर्षं क्रेडिट्स म्हणून उभी राहतात. गणितात बीएस्सी केलेल्यांचे तिसऱ्या वर्षाचे पेपर कधीकधी अपर डिव्हिजन म्हणूनही धरले जातात, पण त्यासाठी प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम दाखवावा लागतो. विद्यापीठाची जुनी अभ्यासक्रम पुस्तिका कुठे सापडली तर ती सोन्यासारखी जपा.

व्हिसाचा मुद्दा स्पष्ट असू द्या. एच-४ वर असताना शिकता येतं. एफ-१ विद्यार्थी व्हिसा मात्र संपूर्ण ऑनलाइन पदवीवर मिळत नाही. एफ-१ वर पूर्णवेळ अभ्यासात एका सत्रात एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे तीन क्रेडिट्स, मोजली जातात.

अर्ज करण्याआधीची कागदपत्रं

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस, म्हणजे पुस्तकाचं नाव, प्रकरणं, आठवड्यांची आखणी असलेला कागद, पीडीएफ करून ठेवा. विभागाने एखादा कोर्स नाकारला तर दाद मागताना हाच पुरावा असतो. सी किंवा त्याहून वरची श्रेणी सहसा लागते, आणि श्रेणीचे गुण सोबत येत नाहीत, फक्त क्रेडिट येतं. म्हणजे नव्या विद्यापीठात तुमची सरासरी शून्यापासून सुरू होते, जी वरच्या गणितात तुमच्या विरुद्धही जाऊ शकते. आधीचे सोपे विषय तिला सावरायला नसतात.

दोन-तीन विद्यापीठांना अनधिकृत गुणपत्रकं पाठवून प्राथमिक मूल्यांकन मागा. पुष्कळ ठिकाणी ते मोफत मिळतं. उत्तर आलं की पहिल्या पानावरचा मोठा आकडा सोडून द्या आणि कप्प्यांचा तक्ता मागा, ज्याला डिग्री ऑडिट म्हणतात. फोनवर अ‍ॅडव्हायझरने "हो, बसेल" म्हटलं तर लगेच ईमेल करा: "आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे माझा अमुक कोर्स मेजरमधल्या तमुक कोर्सच्या जागी धरला जाईल, हे बरोबर ना?" अ‍ॅडव्हायझर बदलतात. ईमेल राहतो. आणि तुम्हाला कोणत्या वर्षाचा कॅटलॉग लागू आहे ते लिहून घ्या, कारण मधेच अटी बदलल्या तर तोच तुमच्या बाजूने उभा राहतो.

आता त्या ८४ क्रेडिट्सच्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्याची ३९ उरली होती, म्हणजे तेरा कोर्स. नोकरी सांभाळून सत्राला दोन आणि उन्हाळा धरून वर्षाला तीन सत्रं, असं धरलं तर सात सत्रं होतात. पहिल्या शरद सत्रात लिनियर अल्जेब्रा आणि सिद्धतांचा कोर्स. वसंतात अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी. उन्हाळ्यात, जेव्हा वरचं गणित बहुधा शिकवत नाहीत, तेव्हा राहिलेला जनरल एज्युकेशनचा आणि पूरक विषयाचा कोर्स. दुसऱ्या शरदात रिअल अ‍ॅनालिसिस एक आणि त्याच्या जोडीला न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस, वसंतात अ‍ॅनालिसिस दोन आणि आणखी एक. दुसऱ्या उन्हाळ्यात विभाग जे दोन देईल ते, नाहीतर नेटमॅथसारख्या ठिकाणाहून परवानगी घेऊन. तिसऱ्या शरदात शेवटचा एक कोर्स. या आराखड्यात एकच जागा नाजूक आहे. सिद्धतांचा कोर्स आणि अ‍ॅनालिसिस एक हे दोन्ही फक्त शरदात असतील आणि सिद्धतांचा कोर्स पहिल्या सत्रात राहिला, तर अ‍ॅनालिसिस एक थेट तिसऱ्या शरदात जातं आणि पदवी तिसऱ्या वसंतापर्यंत लांबते. म्हणून नावनोंदणी उघडेल त्या सकाळी आधी सिद्धतांच्या कोर्सची जागा पकडायची, बाकीचे नंतर.